आमचे सार आणि घुमणारा हॉल

आमचे सार बोलायला लागले की त्यांच्या दोन शब्दांमधून एखादी सायकल आरामात निघून जाईल एवढी जागा असायची. "चहा," ते म्हणायचे. मग थांबायचे. "दोन." पुन्हा थांबायचे. "एकात. साखर. कमी." बसस्टँडसमोरचा चहावाला तेलुगू माणूस. त्याला मराठी येत नसे, पण सारांची मराठी त्याला पुरती समजे, आणि मराठी बोलावी तर या सारांनीच असे तो कौतुकाने सांगायचा. नवख्या माणसाला वाटे, यांना मागे कधी झटका येऊन गेला असावा. तसे काही नव्हते. ज्या माणसाने आयुष्याची चांगली वर्षे आमच्या गावच्या इनडोअर स्टेडियममध्ये काढली, त्याला असेच बोलावे लागे. तिथे टाकलेला शब्द चारी भिंतींना भेटून, वर पत्र्याला टेकून परत येईपर्यंत दुसरा टाकायचा नाही, असा त्यांचा नियम होता. तो नियम हॉलपुरताच ठेवायला ते विसरले, एवढेच.

सार म्हणजे सर. आदिलाबाद जिल्ह्यात आम्ही मराठी माणसेसुद्धा मास्तरांना सारच म्हणतो. तेलुगू शाळांत शिकल्याचा तो परिणाम. हे सार आधी सरकारी शाळेत ड्रिल शिकवायचे. स्टेडियम बांधून झाले तेव्हा त्याची देखभाल कोणाच्या तरी गळ्यात मारायची होती, ती यांच्या गळ्यात पडली. निवृत्त झाल्यावरही त्यांना कोणी जा म्हणाले नाही आणि ते स्वतःहून गेले नाहीत. मी भीमपूरकडची, भाजीपाला पिकवणाऱ्यांच्या घरातली. स्टेडियमच्या ऑफिसात क्लार्क म्हणून लागले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझी परीक्षा घेतली. मला हॉलच्या मधोमध उभे केले, स्वतः गॅलरीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसले आणि म्हणाले, "नाव. सांग." मी सांगितले. हॉलने माझे नाव माझ्याच तोंडावर फेकून मारले, आणि मागून आडनाव येऊन त्याच्यात मिसळले. वरून सारांनी हात हलवला. "नाई. समजलं. पुन्हा." असे करता करता मला रडू यायच्या बेताला आले, तेव्हा कुठे ते खाली उतरले. "तुयी चूक नाई, पोरी," म्हणाले. "थे म्हातारी आज लई बोलून राह्यली."

म्हातारी म्हणजे हॉलमधली घुम. प्रतिध्वनी वगैरे शब्द ते वापरत नसत. रोज सकाळी कुलूप काढून आत शिरले की चार कोपऱ्यांत जाऊन चार टाळ्या वाजवायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. उन्हाळ्यात म्हातारी तापते, पावसाळ्यात जरा नरम पडते, असे त्यांचे म्हणणे. मला तर बारा महिने ती सारखीच वाटायची, पण तसे बोलून दाखवायची सोय नव्हती. माणसांची पारख ते दार लावण्यावरून करत. जो दार आपटतो तो त्यांच्या लेखी संपला, मग तो कितीही मोठा अधिकारी असो. एक साहेब बदलून आले ते पहिल्याच भेटीत दार आपटून आत शिरले. त्यांची पुढे बदली होईपर्यंत सारांनी त्यांच्याशी मानेनेच व्यवहार केला.

हॉलचा इतिहास येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकावाच लागे. दाराजवळ संगमरवराची पाटी आहे, तिच्यावर कोणी पायाभरणी केली आणि कोणी फीत कापली ते कोरले आहे. सार इतिहास सांगायला नेमके त्या पाटीला पाठ लावून उभे राहत, म्हणजे पाहुण्याला त्यातले काही दिसायचे नाही. त्यांच्या इतिहासात मंत्री नव्हते, आवाज होता. आधी त्या जागेवर कापसाचे यार्ड होते. कापसाच्या गंज्या अशा लागायच्या की मोठ्याने हाक मारली तरी पलीकडच्या माणसाला ऐकू जात नसे. त्या काळाविषयी सार अगदी हळवे होऊन बोलत. मग यार्ड हलले, खांब उभे राहिले आणि छपराशिवाय कितीतरी वर्षे तसेच राहिले. आजूबाजूचे लोक तिथे शेळ्या बांधायचे. "तवा आवाज वर जाये. आभायात. कोणाले त्रास नाई." शेवटी एकदाचे पत्रे चढले, भिंती आल्या, गॅलरी आली, खाली लाकडाची चकचकीत जमीन आली. सगळा जिल्हा पाहायला लोटला. "आन् त्याच्याच संगं," सार म्हणत, "थे आली."

त्यानंतर त्या हॉलने काय नाही पाहिले. बॅडमिंटनच्या स्पर्धा झाल्या, मतमोजणी झाली, एका ठेकेदाराच्या मुलीचे लग्न झाले. त्या लग्नात बँडवाल्यांना आपलाच ताल मागून ऐकू यायला लागला आणि दुसरा बँड कुठे वाजतोय म्हणून ते बाहेर जाऊन पाहून आले. हैदराबादेहून मोठा ऑर्केस्ट्रा आला. पुढच्या लोकांनी नाच केला. मागच्यांना गाण्याच्या दोन ओळी एकमेकींवर चढलेल्या ऐकू आल्या आणि ते कंटाळून उठून गेले. सार त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाहीत. गाणाऱ्याचे काही गेले नव्हते, तो पुढच्या गावाला लागला होता. सारांना मात्र कोणी आपल्याच घरी आलेल्या पाहुण्याचा अपमान केल्यासारखे झाले होते.

कबड्डीच्या सामन्याची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. उटनूरच्या संघातला एक चढाईचा गडी नुसता दमदार. तो कबड्डी कबड्डी करत पलीकडे शिरे आणि परत येईपर्यंत त्याचा दम कधी तुटतच नसे. पंच हैराण, समोरचा संघ हैराण. सार नेहमीप्रमाणे सगळ्यात वर बसलेले. तिथूनच त्यांनी शिट्टी फुंकली. सामना थांबला. पंच म्हणाले, तुम्ही पंच नाहीत, शिट्टी काऊन मारली? सार एकेक पायरी उतरत खाली आले. "थो कवाचा गप झाला," म्हणाले. "कबड्डी. हॉल. म्हणून राह्यला." पंचांना ते पटेना. तेव्हा सारांनी त्या गड्यालाच मधोमध उभे करून एकदा दम घ्यायला लावला आणि मध्येच त्याच्या तोंडावर हात ठेवला. कबड्डी कबड्डी चालूच राहिले. लोक हसून हसून पायऱ्यांवरून घसरले. गुण मात्र परत कोणी घेतले नाहीत, कारण कोणते गड्याचे आणि कोणते म्हातारीचे हे ठरवणार कोण?

आता मावशीविषयी सांगायला हवे. मावशी म्हणजे सारांची बायको. अंगणवाडीतून निवृत्त झालेली, ठेंगणी, तुरुतुरु चालणारी आणि नवऱ्याच्या एका वाक्यात स्वतःची चार वाक्ये बसवणारी. लग्नाच्या आधीपासून ती गायन पार्टीत गात असे. जयंतीच्या दिवसांत तिला किनवटहून, चंद्रपूरकडून, वांकिडीहून बोलावणी येत. बुद्धविहाराच्या अंगणात, झाडाखाली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी राहून ती गायची. मी लहान असताना तिला आमच्याकडे एका ट्रॉलीवरच ऐकले होते. आवाज असा की माझी आई भाजीची पाटी खाली ठेवून उभी राहिली होती, आणि माझ्या आईला उभे करणे हे सोपे काम नव्हे.

ही बाई सगळीकडे गायली, फक्त नवऱ्याच्या हॉलमध्ये गायली नाही. जयंतीचा गाण्यांचा मोठा कार्यक्रम दरवर्षी तिथेच होई. गावोगावचे गायक येत. मावशीचे नाव निघाले की सार मान हलवत. "तिचं गाणं. त्या घुमीत. मी नाई टाकणार." मंडळी म्हणत, अहो सार, बाकीचे गातातच ना. "बाकीच्याईचं मले काय?" शब्द समजला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आपल्या गाण्यात शब्दच मोठा, तोच जर मागच्या माणसाला समजला नाही तर गायचे कशाला, असे ते म्हणत. म्हणण्यात चूक काहीच नव्हती. त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नसे. आधी हॉल सुधारू, मग तू गा. हॉल सुधारायचे काम वर्षानुवर्षे चालले. थर्माकोल लावून पाहिला, तो उंदरांनी खाल्ला. ज्वारीची रिकामी पोती टांगली, त्यांच्या धुळीने बॅडमिंटनच्या पोरी शिंकून शिंकून हरल्या.

मावशी सुरुवातीला थट्टा करायची. त्या म्हातारीला ती आपली सवत म्हणे. "माह्या सवतीची तब्येत कशी हाय आज?" असे ती मला रस्त्यात विचारायची. पुढे पुढे तिची थट्टा कमी झाली. एकदा ऑफिसात डबा द्यायला आली तेव्हा माझ्याजवळ बसली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. "याईचा हॉल नीट होईन तवा माहा आवाज राह्यला पायजे ना व? तिकडं बाहेरचे बोलावतेत, आन् घरचा माणूस मले दारात उभं करून ठेवते." सारांचा मला मनापासून राग आला, आणि तो मी फाइली आपटून काढला. दार मात्र आपटले नाही.

हॉलवरचा इलाज सापडला तो फार वाईट दिवसांत. कोरोनाच्या वर्षी स्टेडियममध्ये खाटा लागल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गाद्याच गाद्या. सार तोंडाला दोन दोन रुमाल बांधून येत, पाण्याच्या कॅन भरत. एका सकाळी ते ऑफिसच्या खिडकीशी आले. त्यांचे डोळे चमकत होते आणि त्याची त्यांना लाजही वाटत असावी, कारण ते खाली बघून बोलत होते. "पार तिकडच्या कोपऱ्यात म्हातारा खोकलला. इथं ऐकू आला. निस्ता त्याचाच खोकला. दुसरा नाई." सगळीकडे माणसे जीव मुठीत धरून बसली होती आणि आमचे सार हॉल गप झाला म्हणून आतल्या आत सुखावले होते. पण त्याच दिवसांत त्या खोकणाऱ्या म्हाताऱ्याला घरून आणलेली पेज भरवतानाही मी त्यांना पाहिले आहे, म्हणून त्यांना बोल लावत नाही.

गाद्या गेल्या तशी घुम परत आली. पण सारांना आता गुपित कळले होते. कापूस. कापसाच्या मुलखात राहून ते इतकी वर्षे थर्माकोल शोधत होते. एवढ्या मोठ्या हॉलला पुरतील एवढ्या गाद्या कुठून आणायच्या, यावर ते विचार करत बसले. आणि मग मावशीच्या गळ्याला गाठ निघाली.

थायरॉईडची गाठ होती. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले की काढावी लागेल, जिवाला धोका नाही, पण आवाजाची नस तिथूनच जाते, तेव्हा आवाजाचे काही सांगता येत नाही. ऑपरेशन जयंतीनंतर ठरले. तसा आवाज आधीच बारीक झाला होता. घरी आल्यावर मावशीने पाणीसुद्धा घेतले नाही, उंबऱ्यातच सांगून टाकले. "औंदा मी गाणार हाय. तुमच्या हॉलात. घुमो नाई तर पडो."

ऑपरेशन पुढे झाले आणि मावशीचा गाण्याचा आवाज गेला तो गेलाच. हे मी आत्ताच सांगून टाकते, म्हणजे शेवटी सांगत बसावे लागणार नाही. त्या दिवशी अर्थात आम्हाला ते ठाऊक नव्हते. भीती मात्र सगळ्यांना होती, आणि सगळ्यात जास्त सारांना.

मग सारांनी गोधड्या मागितल्या. आमच्याकडे थंडी अशी पडते की प्रत्येक घरात माणसागणिक गोधडी असते, आणि एप्रिलात त्या सगळ्या पेटीत पडून असतात. सार गल्लोगल्ली फिरले, मी स्कूटीवर भीमपूरकडची गावे घेतली. तेलुगू शेजारणींनी आपल्या बोंता दिल्या. तीच गोधडी, नाव तेवढे वेगळे. "मयली करू नका," एवढेच प्रत्येकीने बजावले. परत देताना कोणाची कोणती हे कसे ओळखायचे म्हणून मी काळजीत होते. मावशी हसली. म्हणाली, आपल्या सासूचे लुगडे ज्यात शिवले आहे ती गोधडी बाई आंधळी झाली तरी ओळखेल.

हॉस्टेलच्या कबड्डीच्या पोरींना घेऊन सारांनी सगळा हॉल मढवला. गॅलरीच्या कठड्यांवर, मागच्या भिंतीवर, खिडक्यांवर दोर ताणले आणि दोरांवर गोधड्या टाकल्या. कार्यक्रम झाल्यावर लगेच परत करायच्या, म्हणून दोराच्या टोकांना सरकगाठ होती. गाठ ओढली की आख्खी ओळ खाली. सारांनी चार कोपऱ्यांत टाळ्या वाजवल्या. टाळी वाजली आणि तिथल्या तिथे मेली. ते खाली लाकडावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

कार्यक्रम दिवस कलल्यावर सुरू झाला. हॉल गच्च भरलेला, गोधड्यांमुळे आत भट्टी तापलेली, सगळीकडे डांबरगोळ्यांचा वास. मी सारांच्या शेजारी सगळ्यात वरच्या पायरीवर होते. पहिला तरुण गायक उभा राहिला आणि त्याचा शब्द न् शब्द आमच्यापर्यंत आला. मागच्या ओळीतले म्हातारे एकमेकांकडे बघून माना डोलवायला लागले. सारांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. इतक्या वर्षांनी त्यांनी बाजी मारली होती, आणि मीसुद्धा त्यांच्यावरचा जुना राग त्या क्षणी सोडून दिला.

मग मावशी उभी राहिली. पांढरी साडी, निळे काठ, गळ्यावरची गाठ पदराने झाकलेली. पेटीवाल्याने सूर दिला आणि तिने पहिली ओळ म्हटली.

शब्द स्वच्छ ऐकू आले. त्यांच्याबरोबर बाकीचेही सगळे ऐकू आले. श्वास अपुरा पडत होता तो, सुरावरून आवाज घसरत होता तो, ओळीच्या शेवटी होणारी खरखर, सगळे. त्या गप्प हॉलमध्ये तिच्या बारीक आवाजाला टेकायला काहीच नव्हते. तोंडातून निघत होता आणि गोधड्यांत जाऊन विझत होता. दुसऱ्या ओळीला वर जायचे होते, तिथे आवाज फाटला. ती थांबली. पेटीवाल्याने पुन्हा सूर दिला. पुन्हा तिथेच फाटला. कोणी हसले नाही, कोणी हललेही नाही, आणि ते जास्तच वाईट होते. मावशी समोरच्या गोधड्यांकडे बघत उभी राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

"सार, पाणी पाठवू का?" मी विचारले.

सार जागेवर नव्हते. ते गॅलरीच्या कठड्याशी वाकले होते. त्यांनी पहिली गाठ ओढली आणि गोधड्यांची ओळ खाली बसलेल्या बायकांच्या डोक्यावर गेली.

"काय करून राह्यले सार?" कबड्डीची एक पोरगी ओरडली.

"काढा," सार म्हणाले. "सगळ्या काढा."

पोरी चारी बाजूंना पळाल्या. एकेक ओळ धपाधप खाली यायला लागली. धूळ उडाली, बायका गोधड्यांखालून हसत आणि शिव्या देत बाहेर निघाल्या, माणसे उभी राहून खाली गोळा करायला लागली. सार धापा टाकत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जात होते, गाठी ओढत होते. मागची भिंत उघडी पडली. खिडक्या उघड्या पडल्या. खालच्या गलबल्याचा आवाज वाढत जाऊन पत्र्याला लागला आणि परत आला. मावशीने मान वर केली.

तिने पेटीवाल्याला हाताने खूण केली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आता आवाज वर गेला आणि तिच्याकडे परत आला, आणि त्या परत आलेल्या आवाजावर तिने पुढची ओळ ठेवली. वरच्या जागी तिला फार वेळ थांबावे लागले नाही. तिने सूर नुसता लावून सोडला, हॉलने तो धरून ठेवला. ओळीत ओळ मिसळली, शब्दात शब्द गेला, काही म्हणता काही कळेना. पण ते गाणे तिथल्या प्रत्येकाला पाळण्यात असल्यापासून पाठ होते. लोक गायला लागले. पायऱ्यांवरचे म्हातारे गायला लागले, गोधड्या मांडीवर घेतलेल्या बायका गायला लागल्या. मी गायले. माझ्या गालांवरून पाणी वाहत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही.

ती एक गाणे गाऊन थांबली नाही. पुढच्या गायकांनीही तिला थांबवले नाही.

लोक पांगायला लागले तेव्हा मावशी एकेक पायरी चढत वर आली. सार तिथेच होते. कोणाची तरी मोठी गोधडी हातात घेऊन एकट्यानेच तिची घडी घालायचा प्रयत्न करत होते, आणि ती काही त्यांना जमत नव्हती.

"आलं का ऐकू?" मावशीने विचारले.

"आलं."

"शब्द समजले?"

"एक बी नाई समजला."

"मंग?"

सारांनी गोधडीचा निसटलेला कोपरा उचलला. "तू आली ऐकू," ते म्हणाले. "मीच लई उशीर केला."

"केलाच," मावशी म्हणाली, आणि तिने गोधडीचे दुसरे टोक धरले.